घडीतली शाई

नाणं फरशीवर टाकता येतं,
ते खण्णकन काय ते सांगून मोकळं होतं.
नोटेला आवाज नसतो.
ती बोटांनी ऐकायची.

तीस वर्षं मी गिरगावात जस्ताचे ब्लॉक केले.
फोटोचे ठिपके पाडणं हा माझा धंदा :
नट्यांचे गाल, पुढाऱ्यांच्या मिशा,
आठव्या पानावरची दुःखद निधनं,
सगळी ठिपक्यांतूनच उतरायची.
म्हणून एवढं कळतं :
खऱ्या नोटेत रेघ असते,
कुणीतरी श्वास धरून कोरलेली.
भिंगाखाली ठिपके दिसले, माझाच धंदा दिसला,
की मी नोट परत करते.

शनिवारी दुपारी बोरा बझारात
नोशीरच्या पोटमाळ्यावर केळुसकर म्हणून एकजण आला.
रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमधून त्याने काढली
दहाची नोट. राजाचं डोकं,
आणि त्यावर शिक्का : फक्त ब्रह्मदेशात चालेल.
"आजोबांची," म्हणाला. "रंगूनच्या गोदीत कारकून होते.
बेचाळीसला डोंगरातून चालत आले,
ही कमरेला बांधून."
नोशीरने चहा मागवला.
नोशीर उगाच चहा मागवत नाही.

मी आधी वास घेतला. डांबरगोळ्या.
मग टाचणीची भोकं, कडेला गंजाचं पिवळं कडं;
गंज बनवता येतो,
पण इतका सावकाश नाही.
उजेडात धरली, तर कागदाच्या आत
राजा पुन्हा एकदा, बुडाल्यासारखा.
कागद खरा. रेघ खरी.

मग शिक्का.
जुनी शाई घडीवर तडकते,
भिंतीचा रंग कोपऱ्यात तडकतो तशी.
ही तडकली नव्हती.
ही घडीच्या खोबणीत उतरली होती,
तळाशी जाऊन निवांत बसली होती.
आधी घडी पडली.
शिक्का मग.

किती मग? कुणी मारला?
दहाचे हजार करू बघणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याने,
आणि म्हाताऱ्याने ती दुकानात पाहिली
आणि विकत घेतली, आपली म्हणून?
की घरात कुणाला रंगून पटत नव्हतं
आणि दाखवायला हातात काहीच नव्हतं?
भिंगातून शाई दिसते.
हात दिसत नाही.

"नोट खरी आहे," मी म्हणाले, आणि थांबले.
केळुसकर थांबला नाही. "आणि शिक्का?"

मी भिंग त्याच्यापुढे सरकवलं.
घडी कुठे बघायची ते टाचणीने दाखवलं.
त्याने आधी लांब धरलं, मग डोळ्याला लावलं.
खाली रस्त्यावर कुणीतरी कागदाची रिमं
हातगाडीवर आपटत होतं, एकामागून एक.
बराच वेळ.

"त्यांच्या डाव्या पायाला दोन बोटं नव्हती,"
तो म्हणाला, भिंग न काढता.
"झोपले की मी तिथे हात लावून बघायचो."

नोशीर म्हणाला, शिक्का नसता तर दीडशे दिले असते,
आता बिघडवलेली म्हणून शंभर.
केळुसकरने चहा संपवला, बशीतलासुद्धा,
नोट रेशनकार्डात सारली
आणि अरुंद जिना कठडा धरून उतरला.

मला हवी होती ती.
माझी खोट्यांची वेगळी वही आहे, चाळीस पानं,
प्रत्येकीखाली माझ्या अक्षरात तिचा गुन्हा.
हिच्याखाली काय लिहिलं असतं
ते बसमध्ये ठरवत होते,
ठरत नव्हतं.

कंडक्टरने सुट्ट्यांत दहाची दिली.
अंगठा आपोआप फिरला.
"बघताय काय, मावशी," तो पुढच्याचं तिकीट फाडत म्हणाला,
"एक कोपरा नाही तिला.
पण चालते."