डोळ्याचं भिंग

उम्मान्नाकच्या बर्फाला भोक पाडून
इनुन्ग्वाकनं ओढून काढली ती शार्क.
आंधळी, धोंड्यासारखी थंडगार,
बुबुळाला लोंबणारा एक किडा.

ताजं मांस खाल्लं की कुत्री झिंगतात,
म्हणून आधी त्यानं कुत्री बांधली.

डोळा गेला कोपनहेगनला.
भिंगाच्या गाभ्यात म्हणे
जन्माआधीचा कार्बन असतो,
कांद्यातल्या आतल्या कोंबासारखा झाकलेला.

उन्हाळ्यात कागद आला:
वय दीडशे,
पन्नासेक इकडेतिकडे.
खाली पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं,
'नुकतीच वयात आली असावी.'

इनुन्ग्वाकनं तो घडी करून खिशात ठेवला.
आत नात आरशासमोर केस विंचरत होती,
केव्हाची.
'आटप लौकर' म्हणायला त्यानं तोंड उघडलं,
आणि राहू दिलं.