बेटाचा नकाशा

लाइट बिलाच्या पाठीवर
मी स्वयंपाकघर काढलंय.
दार इथं, खिडकी इथं,
गॅसची नळी उंदरानं कुरतडली होती तिथं फुली.
दहा बाय आठ.
"भाभी, पावणेआठच भरायलंय," मुनीर मिस्त्री म्हणतो.
भिंत सरळ नाही म्हणे.
सव्वीस वर्षं मी तिच्यावर कॅलेंडर लावलं
आणि तिरकं टांगलं म्हणून ह्यांना बोलत आले.

विश्वंभर पुण्याहून फोटो पाठवतो.
पांढरंशुभ्र सगळं, कुठं डबा नाही, सांडशी नाही,
मधोमध एक चौथरा,
त्यावर दोन लिंबं.
"आई, ह्याला आयलंड म्हणतात. बेट."
बाबा रे,
उदगिरात नळ येतो आठव्या दिवशी, कधी अकराव्या.
बेट करायचं तर आधी
चारी बाजूंनी पाणी लागतं.

नांदेड रोडच्या दुकानातली पोरगी
कॉम्प्युटरवर रंग फिरवून दाखवत होती,
मोरपंखी, राखाडी, पुन्हा मोरपंखी.
"टॉल युनिट ह्या कोपऱ्यात, मॅडम."
आणि ड्रम?
"कसला ड्रम?"
दोनशे लिटरचा, निळा. दोन आहेत.
शिवाय तोटीची स्टीलची टाकी.
तिनं माऊस सोडला.
तुमच्या घरी कुठं ठेवता गं?
"एक न्हाणीत," ती हळूच म्हणाली,
"अन् एक देवघरापाशी."
मग आम्ही दोघींनी मिळून
टॉल युनिट काढून टाकलं.

ग्रॅनाइटवर परात सरकते.
हे कुणी सांगत नाही, कुशावर्ताबाईंनी सांगितलं,
त्यांच्याकडं नवा ओटा झाल्यापासून
त्या भाकरी खाली बसूनच करतात.
आमची जुनी शहाबादी फरशी
परातीच्या जागी अशी घासली गेलीय
की पाणी टाकलं तर तिथंच थांबतं.
तेवढा तुकडा कापून नव्या ओट्यात बसवता येईल?
"थिगळ दिसंल, भाभी."
दिसू दे.

राहिली उंची.
जुना ओटा छत्तीस इंचांचा.
बांधणारा दस्तगीर गवंडी ताडमाड,
स्वतःच्या कमरेला सूत लावून त्यानं खूण केली.
मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी, औरादला.
पोराला घेऊन आले
आणि पाटावर उभी राहून कणीक मळायला लागले.
तो पाट झिजला. दुसरा केला.
ह्यांना वाटायचं, हिला पाटाची सवय आहे.

"कोपर वाकवा," मुनीर म्हणाला,
"भाकरी थापताय समजा."
भर दुपारी, परात नसताना,
मी हवेत भाकरी थापली.
मिस्त्रीचा पोऱ्या तोंड फिरवून हसला.
मुनीरनं तळहाताखाली टेप सोडला.
"तीस."
लिहा, म्हटलं.
"मला वाकावं लागंल की मग, च्या करताना,"
हे दारातून म्हणाले.
वाका.

तेवढ्यात वरच्या गल्लीतून आरोळी आली,
नळ! नळ आलाय!
टेप तसाच लोंबकळत राहिला.
ड्रम, घागरी, कळशा,
कुकर, पातेली, बरणीचं झाकणसुद्धा.
मुनीर पाइप धरून, पोऱ्या बादल्या देत,
हे मोटरपाशी ओरडत.
तासाभरानं पाणी गेलं तेव्हा
मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी,
आणि पाय टाकायला जागा नाही,
जिकडं बघावं तिकडं काठोकाठ भरलेलं.
ह्यांनी फोटो काढून पोराला पाठवला.
खाली काही लिहिलं नाही.

नकाशा भिजला.
दोरीवर चिमट्यानं लावलाय.
आता दिसतंय,
बिल भरायची तारीख परवाच गेली.