साभार पोच

या आठवड्यात सात आली.
दोन कादंबऱ्या, एक किल्ल्यांवरचं,
एक मधुमेहावरचं, नवीन म्हणून पाठवलेली तिसरी आवृत्ती.
बाकीची अजून पाकिटातच आहेत.

पुरवणीत जागा साडेचारशे शब्द,
जाहिरात आली की तीनशे.
'वाचनीय' मी गेल्या दिवाळीपासून सोडलंय,
'संग्राह्य' काही सुटत नाही.

जाड कादंबरीवर लिहिलं:
पहिली शंभर पानं पकड घेतात,
पुढे लेखकालाच घरी जायची घाई दिसते.
आणि खालच्या चौकटीत, साभार पोच:
'चावीवाल्याच्या नोंदी', सोपान कुदळे, पृष्ठे ११२, प्रकाशक स्वतः.

कुदळे पर्वती जलकेंद्रावर होते. एकतीस वर्षं
पेठांचं पाणी सोडलं, बंद केलं.
पुस्तक द्यायला तीन जिने चढून आले,
पाणी विचारलं तर नको म्हणाले.
मी चाळलं. शुद्धलेखन कच्चं, प्रकरणं नाहीत,
नुसती गल्ल्यांची नावं, वेळा,
कुठली चावी किती आटे फिरवायची.

आज पहाटे पाच चाळीसला
नळ आधी खोकला, मग आला,
आणि अठ्ठेचाळिसावं पान आठवलं:
'चावी हळू सोडावी. टोकाच्या घरातली बाई
आपल्याला ओळखत नाही.
तिची बादली ओळखते.'

दिवा लावला. अप्पा बळवंत चौकातला माणूस
महिनाअखेरीला जो गठ्ठा निम्म्या दरात नेतो,
त्याची सुतळी सोडली.
तळाशी होतं.

बादली भरून वाहत होती, ऐकू येत होतं.
मोरीत जाऊन नळ बंद केला तेव्हा
मी त्रेपन्नाव्या पानावर होतो.