आटे

आमच्या फाइलवर लिहिलंय: भगिनी शहर.
आत एकोणीस वर्षांच्या गंजक्या टाचण्या,
आणि दोन महापौरांचा हातात हात घेतलेला फोटो,
ज्यात दोघंही तिसऱ्याच कुणाकडे बघतायत.

मी तूर्ब्योर्ग. स्कारविक नगरपालिका, दुसरा मजला.
खिडकीतून बंदर दिसतं, नोव्हेंबरात तेही नाही.
बहीण कुणाला म्हणायचं हे ठरावानं ठरतं,
हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.
माझी सख्खी ट्रोम्सोला असते. आम्ही बोलत नाही.

थोरलीचा झगा धाकटीला, तसा
आम्ही आमचा जुना बंब मुतांबेला पाठवला,
नवा रंग देऊन, बोटीनं, सात आठवडे.
भाषणं झाली. मग नळीचं तोंड
तिथल्या हायड्रंटला लागेना.
आमचे आटे बारीक, त्यांचे जाड, पोर्तुगीजांच्या काळातले.
त्याच महिन्यात बाजार पेटला,
बावीस गाळे, सुकी मासळी, कापड,
आणि बंब शेजारी उभा.
भरल्या डोळ्यांनी, असं लिहिणार होते,
पण बंबाला डोळे नसतात, दिवे असतात.
ते चालू होते.

तिथल्या फिटरचं पत्र आलं, झेफेरिनो माकुआकुआ.
तक्रार नव्हती. एक विनंती:
"तुमच्या हायड्रंटचं तोंड कागदावर गिरवून पाठवा."
नळी तर तुमच्याकडेच आहे, मग आमचा हायड्रंट कशाला?
विचारायचं राहून गेलं.
मी कोट चढवून खाली उतरले,
बर्फ खरवडला, कागद दाबला, पेन्सिल फिरवली.
एकोणीस वर्षांतलं माझं परराष्ट्र धोरण एवढंच.

मार्चात सभा. खर्चकपात, बाब सदतीस.
अकरा विरुद्ध आठ. कुणी वाईट नव्हतं.
एकानं कॉफी ढवळत विचारलंसुद्धा,
आता त्यांना काय म्हणायचं?
अध्यक्ष म्हणाले, पुढचा विषय, कुत्र्यांचे परवाने.

चौकातल्या खांबावरचा बाण काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही:
मुतांबे, दहा हजार चारशे किलोमीटर.
खिळा सैल झालाय. हल्ली तो
मासे वाळवायच्या चौकटींकडे बोट दाखवतो.

जूनमध्ये पार्सल आलं. जड.
पितळेचं कडं, तासून गुळगुळीत केलेलं,
आतल्या एका बाजूला आमचे आटे, दुसरीकडे त्यांचे.
चिठ्ठी:
"आमचं बसवलंय, पाणी येतं.
हे उलटं, तुमच्यासाठी.
कधी आमचा बंब तुमच्याकडे आला, तर लागेल."

आवक रजिस्टरात अशा वस्तूला रकाना नाही.
फाइल बंद, म्हणजे परत पाठवायलाही पत्ता नाही.
रात्री अकरा वाजता, ऊन होतं तेव्हा,
बेकरीसमोरच्या हायड्रंटला ते लावून पाहिलं.
अर्धा फेरा रेटावा लागला,
मग बसलं.

आता निघत नाही.