बेरियम अपवाद

हलसगी मॅडम फळ्यावर नियम लिहितात,
खडू मी पुरवतो. सव्वीस वर्षं झाली.

सोडियम विरघळतं, पोटॅशियम, अमोनियमही.
नायट्रेट तर सगळीच, कुणाचाही हात धरून आली तरी.
क्लोराइड विरघळतात, चांदी आणि शिसं वगळून.
त्यातही शिशाचं कढत पाण्यात जातं
आणि गार होताना सुया होऊन परत येतं.
(पाऱ्याच्या बाटल्या कुलपात. किल्ली माझ्या करगोट्याला.)
सल्फेट विरघळतात, सोडून...
इथे मॅडम खडू फळ्यावर दोनदा आपटतात.

आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी.
बोअरच्या पाण्यानं डिस्टिलेशनच्या कॉइलवर
बोटभर जाड पांढरं कवच.
ते मी उन्हाळ्याच्या सुट्टीत ॲसिडनं सोडवतो,
फसफसत जातं, हट्टानं.
म्हणून डिस्टिल्ड पाणी मोजून देतो.
मागच्या बाकावरच्यांनी गुपचूप नळाचं घेतलं
की सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब चुगली करतो,
नळी दुधाळते,
आणि पोरं माझ्याकडे बघतात, जणू मीच सांगितलं.

श्रीलता गुंडला कधी नळाचं घेत नाही.
तिचे नान्ना अक्कलकोट रोडला डाइंगवर.
टबात ग्लॉबरची पोती रिकामी करायची, दांडा फिरवायचा,
वाफेतून कुणीतरी ओरडतं, "करिगिंदा?"
विरघळलं का?
मीठ पाण्यात गेलं की रंग पाण्याला सोडतो
आणि सुताला धरतो.
हे तिला पुस्तकाआधी माहीत होतं.
पुस्तकात ते अजून आलेलंच नाही.

त्या दिवशी तिच्या नळीत सल्फेट निघालं.
बेरियम क्लोराइड घातलं, पांढरा साका.
ॲसिड घातलं, तसाच. हलवलं, तसाच.
"मामा, बाटलीवर कवटी आहे ना?"
आहे म्हटलं. हात धू.
"नान्नांना सिव्हिलमध्ये बेरियमच पाजलं. सोमवारी.
पेलाभर. खडूसारखं लागलं म्हणाले."

मी बर्नर बंद केला. मला काय ठाऊक?
मॅडम दारातून म्हणाल्या,
"ते सल्फेट असतं गं. विरघळत नाही,
म्हणून रक्तात शिरत नाही.
पोटाचा फोटो काढू देतं आणि जसं आलं तसं निघून जातं."

तिनं नळी खिडकीशी धरली.
बाहेर ऊन, पाण्याचा टँकर, रिक्षावाल्यांची भांडणं.
साका सावकाश खाली बसत होता,
वरचं पाणी निवळत होतं.
तास संपल्याची घंटा झाली तरी धरूनच होती.

संध्याकाळी जर्नलं गठ्ठ्यात बांधताना तिचं उघडलं.
निरीक्षण: पांढरा साका.
अनुमानाच्या रकान्यात आधी काहीतरी खोडलेलं,
उजेडात धरल्यावर लागलं: करगलेदु.
विरघळलं नाही.
त्याखाली नीट अक्षरात, सल्फेट आहे.

फोटोचा रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता.
मी नळ्या धुवायला घेतल्या.
तिची नळी ब्रशनंही लवकर निघेना.