बेचाळीस नंबर

खणभागात बाबालालच्या लायब्ररीत
कृष्णा तिसऱ्या फळीपर्यंत चढली.
खालच्या दोन्ही फळ्यांवर अख्खी इंदुमती आष्टेकर:
चार सिनेमे, तेरा भागांची मालिका,
आणि सत्त्याऐंशीचा दिवाळी कार्यक्रम,
ज्यात ती पाटलाच्या फेट्यात चकली लपवते.

गच्चीवर फिती वाळत घातल्या
हळकुंडं घालावीत तशा.

बेचाळीस नंबर तेवढी चालली.
चेहरा गेलेला. पडद्यावर नुसत्या मुंग्या,
आणि मुंग्यांतून ती:
‘पाटील, तुमच्या डोक्यात काहीतरी…’

मग तिचं ते थांबणं.

बाबालालनं रिमोट छातीशी धरलेला.
शेजारच्या कासारवहिनी चिखलाच्या खराट्यासकट दारात.
कुणी श्वास सोडेना.

तिथंच फीत तुटली.

आणि आम्ही हसलो,
अगदी तिच्या वेळेवर.