साकु

उद्यमबागेत सत्तावीस वर्षं लेथवर उभा राहिलो.
एका सुताचा फरक दिसला तर माल परत पाठवला.
कमरेचा पट्टा मात्र
कधी शेवटच्या भोकावर गेला
ते मोजलं नाही.

रक्ताचा कागद धरून डॉक्टरीणबाई
अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलल्या.
आकडा दोन्ही भाषांत तेवढाच होता.

घरातला कुंद्याचा डबा
बायकोनं शेजारी ईरण्णाकडे दिला.
त्यानं झाकण उघडलं, हुंगलं,
आणि तसाच परत आणला.
"माझा बी आकडा तेवढाच हाय की."

तेव्हापासून आम्ही दोघं
पहाटे तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत.
पहिले आठ दिवस गेट पडलेलं असलं
की बरं वाटायचं.
मालगाडीचे डबे मोजण्याच्या निमित्तानं
दम खाता यायचा.
त्रेपन्न. एकदा अठ्ठावन्न.
निपाणीची पुडी महिनाभर खिशातच होती;
हात जायचा, चाचपायचा,
रिकामा माघारी यायचा.

मग एका रविवारी
अनगोळच्या तालमीत शिरलो, तीस वर्षांनी.
भिंतीवरच्या फोटोत मी आहे,
डावीकडून दुसरा, मांड्या खांबासारख्या.
वस्तादांचा नातू म्हणाला,
"काका, पोराला आणलाय?"
"नाही रे. मला मातीत बसायचंय,
आणि हात न टेकता उठायचंय."
तो हसला नाही. माती उकरून दिली.

ताक, हळद, तेल: तोच वास.
बसलो. उठताना कलंडलो.
पुन्हा बसलो.
ज्या मातीत दुसऱ्याला पाडायचे डाव शिकलो
तिथं आता एकच डाव,
आपणच आपल्याला उभं करायचं.
अजून डाव्या हाताची दोन बोटं टेकतात.

परवा ईरण्णाच्या पुतणीच्या लग्नात
होळग्यांची परात पुढे आली.
ईरण्णानं पानावर तळवा आडवा धरला:
"साकु."
हा शब्द मी पंगतीपंगतीतून ऐकलाय,
कन्नड कळतं म्हणून मिरवलंय.
भाषेवरून सभा गाजवल्या, घसा बसवला,
हद्दीचं काय ते तोंडपाठ.
पण पानाला हद्द असते
हे तोंडातून कधी निघालं नव्हतं.

म्हटलं. साकु.
वाढपी पोरगं थबकलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि तरी अर्धी वाढलीच.

ती अर्धी खायला
मला अख्ख्या होळगीपेक्षा जास्त वेळ लागला.
ईरण्णा पाण्याचा तांब्या धरून
शेजारी बसून राहिला.